दोन ढेकळं

उंबरवाडीत वाटणीची रीत अशी होती, की थोरल्यानं वाटे मांडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. भैरोबाच्या पारावर पळसाची दोन पानं ठेवायची, दोन्ही रानांतलं एकेक ढेकूळ त्यांवर मांडायचं आणि धाकट्यानं चार लोकांदेखत त्यातलं एक हातात घ्यायचं. घेतलं की संपलं. मग रडायचं नाही, कोर्टात जायचं नाही आणि भावाच्या दारात जाऊन बोंबलायचं तर नाहीच. थोरल्यानं लबाडी करू नये म्हणून कुणा शहाण्यानं ही रीत घालून दिली असणार. त्या शहाण्याला सर्जेराव भेटला नव्हता.

सर्जेराव थोरला, सोनबा धाकटा. कात्रजच्या डोंगराखाली त्यांच्या बापाची दोन रानं होती. वर मुरमाड माळ आणि खाली रस्त्याला लागून खाचर. वाघओढा पूर्वीपासून खाचरातूनच वाहायचा. वाटणीच्या आधीच्या पावसाळ्यांत सर्जेरावानं वरच्या अंगाला दगड आणि मातीच्या गोण्या टाकून ओढा गायरानाकडे वळवला आणि ओढ्यानंच वाट बदलली असं गावभर सांगत सुटला. सोनबा तेव्हा पुण्यात हमालीला होता, सणावाराला गावी यायचा. त्याला खाचर कोरडं दिसलं, सपाट दिसलं, रस्त्याला लागून दिसलं. त्यानं पारावरचं काळं ढेकूळ उचललं. त्याची बायको आनंदी नवी नवरी होती. ती बायकांच्या घोळक्यातून बघत होती आणि नवऱ्यानं चांगलं उचललं म्हणून मनातून खूश झाली होती.

पुढच्या पावसाआधी गोण्या कुणीतरी काढल्या. श्रावणात ओढा जुन्या वाटेनं परत आला. भात झोपलं, गोठ्याचा चिखल झाला आणि दावणीची गाभण म्हैस पोटापर्यंत रुतली. सोनबा तिला दोर लावून ओढत असताना ती त्याच्या अंगावर कलंडली. म्हैस गेली आणि सोनबाचा खुबा कायमचा निकामी झाला. आनंदी त्याच्या काखांत हात घालून त्याला चिखलातून मागं ओढत होती, तिचं लुगडं कमरेपर्यंत भरलं होतं आणि सर्जेराव छत्री धरून बांधावर उभा होता. तो खाली उतरला नाही.

"वाटा तूच उचललास, सोनबा," तो म्हणाला. "म्या तर दोनी मांडून ठिवलं व्हतं."

एवढं बोलून तो घरी जेवायला गेला.

ते वाक्य आनंदीनं जपून ठेवलं. धार काढताना, शेण थापताना, नवऱ्याच्या खुब्याला तेल चोळताना ती ते मनातल्या मनात म्हणायची. फक्त सोनबाच्या जागी आण्णा घालायची, कारण सर्जेरावाला घरात सगळे आण्णा म्हणत. वाटा तुमीच उचलला, आण्णा. एक दिवस आपण छत्री घेऊन बांधावर उभं राहायचं, हे म्हणायचं आणि घरी जेवायला जायचं. भैरोबाकडे तिचं दुसरं मागणं नव्हतं. सर्जेरावाला मरण यावं असंही तिला वाटत नसे. मेला असता तर ऐकलं कुणी असतं?

*

गाव महापालिकेत गेलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी पुण्यातल्या एका संस्थेतली सुनीतीबाई गावात यायला लागली. उन्हाची टोपी, पायात बूट, हातात जागा सांगणारं यंत्र. वाघओढ्याच्या सबंध पाणलोटात, म्हणजे डोंगरावर पडलेलं पाणी जिथून जिथून ओढ्याला मिळतं त्या सगळ्या मुलखात, शहर पुढं कसं पसरेल आणि मग पाण्याचं काय होईल, हे ती संगणकावर मांडत होती. बाई कष्टाळू होती. डोंगर पायी चढली, काट्यांतून गेली, घरोघर विचारत फिरली. दमली की आनंदीच्या गोठ्यासमोर बसून चहा प्यायची.

"म्हंजे भविष्य सांगता व्हय?" आनंदीनं विचारलं.

"भविष्य सांगणारे शनिवारवाड्यापाशी बसतात, ताई. मी फक्त मागं घरं कशी वाढली ते बघते आणि पुढं कशी वाढतील ते मांडते. मागचं जुळलं, तर पुढचंही जुळायची शक्यता."

काम झाल्यावर तिनं देवळाच्या सभामंडपात पांढरा पडदा लावून गावाला बोलावलं. चहाचं काम आनंदीकडे होतं. पहिला नकाशा लागला. पुढच्या काळात जिथं जिथं घरं येतील, ती जागा सुनीतीबाईनं पिवळ्या रंगात दाखवली होती आणि इथंच सगळा घोळ झाला. पुण्याच्या वेशीवरच्या गावात शाळा न शिकलेल्या माणसालाही डीपीचे, म्हणजे विकास आराखड्याचे, रंग पाठ असतात. पिवळा म्हणजे घरं बांधायला मोकळं, हिरवा म्हणजे मेलं. पडदा पिवळा झाला तसा मंडप उठून उभा राहिला.

"माझं आलं का बगा बरं पिवळ्यात!"

"ए मच्छिंद्रा, सर की बाजूला, फोटू घिऊ दे!"

"हा डीपी नाही," सुनीतीबाई सांगत होती. "ही मंजुरी नाही. असंच चालू राहिलं तर काय होईल, एवढाच अंदाज आहे."

तिचं ऐकतंय कोण. सर्जेराव पडद्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावरही पिवळा रंग पडला. त्यानं बोटानं रस्ता शोधला, रस्त्यावरून खाचर शोधलं. खाचर पिवळंधमक होतं. त्याच्या माळाचा मात्र बराचसा भाग हिरवा राहिला होता. तो फोन कानाला लावून बाहेर पडला. त्याच्यामागोमाग एकेक करून सगळे गेले, कुणी चहासुद्धा घेतला नाही.

सुनीतीबाईनं रिकाम्या सतरंज्यांकडे पाहिलं. "दुसरा नकाशा बघायला कुणी थांबणार आहे, की माझी मीच बघू?"

"म्या हाय की," आनंदी किटली खाली ठेवत म्हणाली.

दुसऱ्या नकाशात त्याच पिवळ्यावर निळं आलं होतं. सुनीतीबाईनं समजावून सांगितलं. घाटाकडचे उतार बांधले गेले, सिमेंट झालं, की पाणी मुरायचं बंद होईल. मग मोठा पाऊस झाला की सगळं पाणी एकदम ओढ्याला येईल. निळं खाचरात इतकं गर्द होतं, की खालचा पिवळा दिसतच नव्हता.

"आन् भराव टाकला तर?"

"तर पाण्याची जागा कमी होईल आणि ते आणखी जोरात येईल."

"पाइप घातला तर?"

"हेच सगळ्यांनी विचारलं असतं," सुनीतीबाई म्हणाली. "थांबले असते तर. एवढं पाणी पाइपात मावत नाही, ताई. आणि पाइप कचऱ्यानं तुंबतो."

"वरच्या माळाचं काय?"

"माळ कोरडा राहील."

आनंदीनं न वापरलेले कपही आनंदाच्या भरात विसळून काढले. इतक्या वर्षांत भैरोबानं दिलं नव्हतं ते या टोपीवाल्या बाईनं देऊन टाकलं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

*

सर्जेराव चार दिवसांनी आला. येताना पेढे घेऊन आला. सोनबा गोठ्यात बसून वैरण कापत होता, उठला नाही. त्याला चटकन उठता येत नसे.

"सोनबा," सर्जेराव पोत्यावर टेकला. "माझ्या मनाला लई दिस खातंय. वाटणीत तुज्यावर अन्याव झाला. चिखल तुज्या पदरात पडला."

"पडला खरा," सोनबा म्हणाला.

"तर म्या म्हन्तो, अदलाबदल करू. खाचर मला दे, माळ तू घे. हिरीसकट घे. वर गोठा बांध, कोरड्यात ऱ्हा. मी त्या चिखलात काय तरी बगीन, एक बंगला-बिंगला बांदीन म्हातारपनी. भाऊ म्हणून सांगतो."

आनंदीला हसू दाबणं जड गेलं. दाराआडून ती बाहेर आली. "आण्णा, असं घरात बसून न्हाई व्हायचं. पारावर करू. पर या वेळंला वाटं आमी मांडनार आन् तुमी उचलायचा."

"थोरल्यानं मांडायची रीत हाय."

"मागल्या वक्ताला तुमी मांडलं. आता आमी. न्हाईतर ऱ्हाऊ द्या, हाय ते बरं हाय आमाला."

सर्जेरावाला काय, त्याला उचलायला मिळालं तर हवंच होतं. तो हो म्हणून गेला. सोनबानं विळा बाजूला ठेवला. त्याला आनंदीनं दुसऱ्या नकाशाचं सगळं सांगितलं होतं.

"त्येला सांगाया पायजे," तो म्हणाला. "भाऊ हाय."

"म्हस मेली तवा कोन व्हता? त्यो मंडपातनं उठून गेला. म्या काय त्येचा हात धरला व्हता?"

सोनबानं खुबा दाबला आणि विळा पुन्हा उचलला.

पारावर पळसाची पानं मांडली. आनंदीनं स्वतः जाऊन ढेकळं आणली होती. माळाचं तांबडं, मुरमाचे खडे असलेलं. खाचराचं काळं ढेकूळ तिनं मुद्दाम उन्हात चांगलं वाळवलं होतं. जमलेल्या लोकांसमोर सर्जेरावानं थोडा विचार करण्याचं नाटक केलं, मग काळं ढेकूळ उचलून कपाळाला लावलं. त्याच्या बोटांवर माती लागली ती त्यानं धोतराला पुसली. आनंदीनं भैरोबाला खण-नारळ वाहिला.

*

माळावर राहायला जाणं सोपं नव्हतं. मुरमात पहार आपटली की ठिणगी उडायची आणि मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. गोठ्याच्या मेढी रोवायला आनंदीनं स्वतः खड्डे घेतले, सोनबा बसून माती उपसत होता. विहिरीचं पाणी खोल होतं, शेंदून शेंदून तिच्या तळव्यांना घट्टे पडले आणि ते फुटून पुन्हा पडले. म्हशींनाही मुरूम सोसेना, खूर सोलले जायचे. तिनं त्यांना हळद-तेल लावलं. दुधाची किटली घेऊन उतार उतरताना तिचे गुडघे बोलायला लागले. पण माळावरून खालचं खाचर सबंध दिसायचं आणि त्यासाठी तिनं याहून जास्त सोसलं असतं.

खाचरात डंपर यायला लागले. शहरातले पाडलेले वाडे, फुटक्या फरशा, संडासाची भांडी, सगळा राडारोडा सर्जेराव ओतून घेत होता. ओढा त्यानं एका सिमेंटच्या पाइपात घातला आणि वर माती लोटली. एकेक डंपर रिकामा झाला की आनंदीच्या जिवाला थंडावा मिळायचा. टाक, आण्णा, ती म्हणायची, अजून टाक. तुझं सगळं त्यात जाऊ दे. तिकडं घाटाच्या उतारावर सोसायट्यांचे सांगाडे उभे राहत होते, सुनीतीबाईनं दाखवले होते अगदी तिथंच. आनंदी ते रोज बघायची, जशी दुसरी बाई आपलं पीक बघते.

पहिला पावसाळा बेताचा झाला. पाइपातून पाणी निमूट निघून गेलं. दसऱ्याला सोनं द्यायला सर्जेराव माळावर आला आणि दमून पोत्यावर बसत म्हणाला, "चिखल चिखल म्हन्त व्हता तुमी. नशीब लागतं, सोनबा, आन् डोकं बी लागतं."

आनंदीनं त्याला चहा दिला. साखर घातली, वर आलंही घातलं.

बंगला मात्र उठला नाही. सर्जेराव गावातल्या आपल्या उंच जोत्याच्या घरातच राहिला आणि खाचरात त्यानं विटांच्या, पत्र्याच्या खोल्या काढल्या. भाड्यानं द्यायला. आनंदीचा थोडा विरस झाला. तिथं तिला आण्णा हवा होता. पण पैसा त्याचा आहे, जाईल तर त्याचाच जाईल, अशी तिनं मनाची समजूत घातली.

*

पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या खोलीत मेहबूब पिंजारी आला. गाद्या भरायचा त्याचा धंदा. येरवड्याची खोली सोडावी लागली होती आणि बुधवार पेठेतली गिऱ्हाइकं तो सोडणार नव्हता. बरोबर बायको रझिया आणि आई अख्तरबानू. म्हातारीचे गुडघे धरलेले, काठीशिवाय तिला पाऊल टाकता येत नव्हतं. खोली बघायला आला त्या दिवशी मेहबूब दूध ठरवायला माळावर चढून आला.

"वहिनी, तुम्ही इथल्याच. एक विचारतो. खाली पावसाळ्यात पाणी-बिणी तर शिरत नाही ना? माझा सगळा कापूस असतो घरात. आणि आई अशी."

आनंदी धार काढत होती. अदलाबदलीचा दस्त झाला होता, पण सातबाऱ्यावर नोंद व्हायची होती. मेहबूब खाली जाऊन बोलला असता, सर्जेरावानं कान टवकारले असते, हरकत घेतली असती, तर सगळं उलटं फिरलं असतं. तिचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू झाला.

"त्ये मालकाला इचारा," ती म्हणाली.

"मालक म्हणतात, टिपूससुद्धा येत नाही."

"मग झालं की."

मेहबूब खोली घेऊन निर्धास्त झाला.

आनंदी रोज त्याच्याकडे दूध घालायला जायची. रझिया फारशी बोलकी नव्हती, पण अख्तरबानू तिला सोडत नसे. "बैठ बेटी, चाय पी के जा," म्हणून हाताला धरून बसवायची. सोनबाच्या खुब्याचं ऐकलं तेव्हा म्हातारीनं मुलाच्या मागं लागून एक खास गादी भरून घेतली, खुब्याच्या जागी कापूस दाट ठेवायला लावला आणि टाके स्वतः घातले. पैसे घेतले नाहीत. "मेरे घुटने, उसकी कंबर, एकच दुखणं हाय," ती म्हणाली. त्या गादीवर सोनबा कितीतरी वर्षांत पहिल्यांदा सबंध झोपला.

सकाळी उठल्यावर तो आनंदीला म्हणाला, "त्येन्ला तरी सांग."

"नोंद हुंद्या."

दुसरा पावसाळाही बेताचा सरला आणि नवरात्रात नोंद झाली. तलाठ्यानं माळ सोनबाच्या नावावर चढवला, खाचर सर्जेरावाच्या. आता आनंदीला कुणाची भीती नव्हती. ती दूध घेऊन खाली गेली, अख्तरबानूच्या खाटेजवळ बसली, चहा प्यायली आणि उठून आली. तोंडाशी आलेलं तिनं परत गिळलं. मेहबूब गेला असता तर बाकीचे भाडेकरूही गेले असते, आण्णाला कळलं असतं, त्यानं खाचर कुणा भोळ्याच्या गळ्यात मारलं असतं. तिला ते आण्णाच्या मालकीचं असताना बुडायला हवं होतं. घटस्थापनेनंतर पाऊस राहतो कुठं, पुढच्या उन्हाळ्यात सांगू, असं ती स्वतःशी म्हणाली.

*

पाऊस दिवाळीच्या तोंडावर आला. दुपारी घाटावर आभाळ इतकं काळं झालं, की म्हशी दावं ओढायला लागल्या. माळावर थेंब पडायच्या आधी वरून घुर्र असा आवाज यायला लागला. आनंदी गोठ्याबाहेर येऊन बघते तर घाटाच्या उतारावरून, सोसायट्यांच्या मधून, तांबडं पाणी रस्त्यासारखं उतरत होतं. ते ओढ्याला लागलं, खालच्या पाइपाशी पोचलं आणि थांबलं. पाइपाच्या तोंडाशी प्लॅस्टिक आणि फांद्यांचा डोंगर झाला होता. मग पाणी वर चढलं आणि भराव कापत खाचरात शिरलं.

इतका आनंद तिला लग्नात झाला नव्हता. आत जाऊन तिनं खुंटीवरची छत्री काढली.

"कुटं चाललीस?" सोनबानं विचारलं.

"बांधावर."

ती पळत खाली गेली. बांधावर सर्जेराव होताच. त्याच्या नव्या खोल्यांसाठी आणलेल्या सिमेंटच्या गोण्या पाण्यात गेल्या होत्या, एक भिंत बसली होती. बाकीच्या खोल्यांतली माणसं लेकरंबाळं घेऊन रस्त्याकडे पळत होती. सर्जेराव डोकं धरून उभा होता, टोपी कुठंतरी पडली होती, टकलावरून पाणी ओघळत होतं. आनंदी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. छत्री उघडली. दम खाल्ला, कारण हे दमानं म्हणायचं होतं.

"आण्णा," ती म्हणाली, "वाटा तुमीच उचलला. आमी तर दोनी..."

तेवढ्यात पत्र्यावर काठीचा आवाज आला. ठक ठक ठक. पहिल्या खोलीतून. तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं, की मेहबूब आणि रझिया सकाळीच गाद्या पोचवायला बुधवारात गेलेत. टेंपोत गाद्या चढवताना सकाळी तिनंच हात लावला होता.

छत्री टाकून ती पाण्यात शिरली. कमरेएवढं पाणी होतं आणि पायाखाली फुटक्या फरशा. दार उघडंच होतं, पण आतून गाद्या येऊन दाराला अडकल्या होत्या. नव्या भरलेल्या, पाणी प्यायलेल्या गाद्या. तिनं खांदा लावला. गादी हलली नाही. ओल्या कापसात खांदा रुतत होता, बस.

"आण्णा, या! आत म्हातारी हाय!"

"लोंढा हाय, येडे! मरायचंय का?" सर्जेराव बांधावरूनच ओरडला.

सोनबा खुरडत, बसत, घसरत आला आणि पाण्यात उतरला. दोघांनी मिळून गादीला हात घातला. कापड फाटलं, ओला कापूस ओंजळींनी बाहेर आला, पण मागं दुसरी गादी होती. काठीचा आवाज अजून येत होता. मग तो थांबला. रस्त्यावरच्या माणसांनी पहार आणून मागचा पत्रा उचकटला तोवर दिवेलागण झाली होती. अख्तरबानू खाटेवर भिंतीला टेकून बसलेली होती. चढलेलं पाणी ओसरून तिच्या गळ्यापर्यंत उतरलं होतं आणि काठी हातात होती.

*

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अख्तरबानूची मैयत झाली होती. खाचरात गुडघाभर गाळ होता आणि पंचनाम्याला आलेला कारकून पँट दुमडून दगडावरून दगडावर पाय टाकत होता. गाव जमलं होतं.

"ढगफुटी म्हंजे देवाची करनी, सायेब," सर्जेराव सांगत होता. "कुनाला काय म्हाईत, इतं पानी येईल म्हून? माझंच केवढं गेलं."

मेहबूब खोलीतून एकेक गादी ओढून बाहेर काढत होता. त्यानं मान वर केली. "टिपूस येत नाही म्हणाला होतात तुम्ही."

"ए बाबा, खोली तूच पसंत केलीस," सर्जेराव म्हणाला. "म्या काय हाताला धरून आनलं व्हतं?"

आनंदीला चटका बसल्यासारखं झालं. तेच वाक्य होतं. फक्त वाट्याच्या जागी खोली आली होती. तिनं इतकी वर्षं ते घासूनपुसून ठेवलं होतं, आणि काल छत्रीखाली उभं राहून ती ते अगदी त्याच आवाजात बोलली होती.

ती मेहबूबजवळ गेली. तो तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, त्याहून वाईट असं काहीतरी होतं. तो आठवत होता.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मी तुम्हाला विचारलं होतं."

आनंदी तशीच मागं फिरली आणि गाळ तुडवत कारकुनापाशी गेली. सोनबा दूर बांधावर बसला होता. त्यानं तिला अडवलं नाही.

"सायेब, लिवा," ती म्हणाली. "ओढा इथनंच वाहायचा. ह्येनी गोण्या टाकून फिरवला आन् मागनं गोण्या काडून परत आनला. आता ह्येनीच त्यो पाइपात घातला आन् वर भराव टाकला. पानी येनार हे सर्जेरावांना म्हाईत व्हतं."

"आनंदे, त्वांड सांबाळ!" सर्जेराव ओरडला, पण त्याचा आवाज चिरकला. कारकुनानं पेन थांबवून त्याच्याकडे पाहिलं, मग जमलेल्या माणसांकडे. कुणीच नाही म्हणेना. गोण्या काढताना कुणी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. सर्जेरावाच्या तोंडावरचं रक्त उतरलं. हेच तोंड बघायला आनंदीनं आयुष्य काढलं होतं. आता ते समोर होतं आणि तिला ते बघवत नव्हतं.

"आन् त्येच्याखाली माजं नाव लिवा," ती म्हणाली. "देवळात नकाशा दावला तवा म्या एकली थांबले व्हते. केवढं पानी येनार, त्ये मला ह्येंच्यापरीस जास्त म्हाईत व्हतं. ह्या मान्सानं मला इचारलं आन् म्या सांगितलं न्हाई."

"बाई, काय बोलताय कळतंय का तुम्हाला?" कारकून म्हणाला.

"कळतंय. लिवा."

त्यानं लिहिलं. तिनं अंगठ्याला शाई लावून घेतली, अंगठा उठवला आणि शाई पुसायला पदर न लावता ती परत खोलीकडे आली. मेहबूब एक मोठी गादी ओढत होता. पाण्यानं ती इतकी जड झाली होती, की दोन पावलांवर त्याला थांबावं लागत होतं. आनंदी वाकली आणि तिनं गादीचं दुसरं टोक उचललं.

मेहबूबनं ते टोक तिच्या हातातून काढून घेतलं आणि एकटाच गादी ओढत रस्त्याकडे गेला.